टिटलिसवर बर्फ किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्ग गावाबद्दल आणि त्याच्या डोक्यावरच्या टिटलिस डोंगराबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळचा सगळा सदर त्यालाच दिलाय. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत. नावं न छापता फक्त गाव छापतोय.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं (दोन मुलं, ८ आणि १२ वर्षांची) ख्रिसमसच्या आठवड्यात एंगेलबर्गला तीन रात्री राहणार आहोत. रोज स्नो रिपोर्ट बघतोय. त्यात गावात ५ सेंटिमीटर आणि वर १८० सेंटिमीटर असं दिसतं. नक्की खरं काय? गावात बर्फच नसेल तर मुलं हिरमुसतील. बुकिंग कॅन्सल करून जानेवारीअखेर जावं का? – नाशिक

कॅन्सल अजिबात करू नका. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत. गाव आहे साधारण १००० मीटरवर आणि रोपवेचं शेवटचं स्टेशन, ज्याला क्लाइन टिटलिस म्हणतात, ते ३००० मीटरच्या थोडं वर. म्हणजे मधे दोन हजार मीटरचा फरक. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते असं धरलं तर गावात ४ अंश असताना वर उणे ९ च्या आसपास असणार. त्यामुळे गावात पाऊस पडतोय, हॉटेलवाले छत्र्या देतायत आणि त्याच वेळी वर छान कोरडा बर्फ साचतोय हे तिथे नेहमी होतं.

आता रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते, कारण बहुतेक जण फक्त तो सेंटिमीटरचा आकडा बघतात आणि खरं तर तोच सगळ्यात कमी कामाचा असतो. १८० सेंटिमीटर म्हणजे एका ठरलेल्या जागी मोजलेली जाडी. वारा बर्फ उडवून नेतो, कड्यावर खडक उघडा पडतो आणि खोलगट भागात तीन मीटर साचतो, त्यामुळे शंभर पावलांवर वेगळं चित्र असू शकतं. तुम्ही आधी बघा शेवटचा बर्फ कधी पडला. मग बघा आज किती लिफ्ट चालू आहेत आणि कुठल्या. मग गावापर्यंत उतरणारी पिस्ट (म्हणजे स्कीसाठी दाबून तयार केलेली वाट) उघडी आहे का, कारण ती उघडी असेल तर खालपर्यंत बर्फ चांगला आहे असं समजायला हरकत नाही. आणि शेवटी बर्फाचा प्रकार. जर्मन रिपोर्टमध्ये पुल्वर लिहिलं असेल तर ताजा भुसभुशीत, हार्ट म्हणजे कडक, आणि झुल्त्स म्हणजे उन्हाने ओला झालेला जड बर्फ. आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा स्कीवर उभं करायचं असेल तर कडक बर्फाच्या दिवसापेक्षा मऊ बर्फाचा दिवस कितीतरी बरा, मग जाडी कमी का असेना.

हवामानाच्या अंदाजात अजून एक गोष्ट असते, शून्य अंशाची उंची. समजा ती १६०० मीटर दिली असेल तर बर्फ साधारण त्याच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत पडतो, त्याच्याखाली पाऊस. म्हणजे त्या दिवशी गावात पाऊस, पण १८०० मीटरवरच्या ट्रुबझे स्टेशनला बर्फ नक्की. मुलांसाठी तुमची जागा ट्रुबझेच आहे. तिथे गोठलेलं तळं आहे, सपाट मैदान आहे, ट्यूबवर बसून घसरायची सोय आहे, नवशिक्यांचा उतार आहे. गावात हिरवं गवत दिसलं तरी काळजी करू नका.

ख्रिसमसला खाली बर्फ नसणं हे आता वारंवार होतंय, हे मात्र खरं. २०२३ च्या १ जानेवारीला आल्प्सच्या उत्तरेकडच्या डेलेमोंत २०.२ अंश तापमान नोंदलं गेलं, नववर्षाच्या दिवशी! हजार-बाराशे मीटरच्या छोट्या रिसॉर्टना त्या वेळी लिफ्ट बंद ठेवाव्या लागल्या. एंगेलबर्गचं भाग्य हे की त्याच्याकडे वरचे दोन हजार मीटर आहेत. जानेवारीअखेर जाऊ शकलात तर बर्फ खालीही जास्त मिळेल आणि गर्दी कमी, पण शाळेच्या सुट्टीचं गणित मोडून जायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या टूरच्या कार्यक्रमात मे महिन्यात माउंट टिटलिस आहे. एवढ्या उन्हाळ्यात बर्फ दिसेल का? पैसे वाया जाणार नाहीत ना? – पुणे

दिसेल, आणि खूप दिसेल. आपल्याला वाटतं मे म्हणजे उन्हाळा, पण तीन हजार मीटरवर बर्फाची जाडी सगळ्यात जास्त होते ती साधारण एप्रिल-मे मध्ये, कारण हिवाळाभर पडलेलं सगळं साचत आलेलं असतं आणि वितळायला नुकतीच सुरुवात झालेली असते. दावोसच्या वर वायसफ्लूयोख इथे २५०० मीटरवर १९३६ पासून रोज बर्फ मोजतात, तिथेही कमाल जाडी एप्रिलच्या आसपासच येते. टिटलिसवर स्की सीझनच ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो. म्हणजे डिसेंबरात आलेल्या माणसापेक्षा मेमध्ये आलेल्या तुम्हाला वर जास्त बर्फ मिळू शकतो, आणि खाली गावात कुरणं फुललेली. मला स्वतःला हा महिना फार आवडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चित्र वेगळं असतं. वर हिमनदी आहे म्हणून बर्फ असतोच पण तो जुना, करडा. आणि तिथे काही भागांवर पांढरं कापड अंथरलेलं दिसेल, लोक विचारतात हे काय. ते हिमनदीचा बर्फ उन्हापासून वाचवायला घातलेलं असतं, ऊन परतवून लावतं आणि खालचा बर्फ कमी वितळतो. पण एवढ्याने हिमनदी वाचत नाही, २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांमधला सुमारे १० टक्के बर्फ गेला. मुलांना घेऊन जात असाल तर त्या कापडासमोर थांबून हे जरूर सांगा.

टूरबद्दल एक कळकळीची विनंती, बुकिंग करतानाच विचारा की डोंगरावर नक्की किती वेळ देणार. बऱ्याच कार्यक्रमांत वर-खाली धरून तीन तास असतात, त्यात फिरणारा रोपवे, बर्फाची गुहा, क्लिफ वॉक, जेवण, फोटो सगळं कोंबतात आणि माणसं धावतच असतात. निदान पाच तास मागा. गुहा हिमनदीच्या आत सुमारे १५० मीटर लांब आहे, तिथे घाई केली की घसरतात. क्लिफ वॉक हा ३०४१ मीटरवरचा झुलता पूल, २०१२ च्या डिसेंबरात उघडला, रुंदी जेमतेम एक मीटर, तो शांतपणे ओलांडायचा असतो.

दिवाळीच्या टूरवाल्यांसाठी वेगळं : रोपवे दरवर्षी साधारण नोव्हेंबरात काही दिवस देखभालीसाठी बंद असतो. दिवाळी उशिरा आली की नेमकं तेव्हाच आपलं जाणं होतं. तारखा आधीच जाहीर होतात, एजंटवर न सोडता स्वतः बघा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे. ३००० मीटरवर त्रास होईल का? – ठाणे

बीपी नियंत्रणात असेल तर बहुतेकांना काही होत नाही, पण निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, आणि उंचीचा आकडा सांगून विचारा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. आणि आपण गावातून अर्ध्या तासात वर पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. त्यामुळे वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं बसवा, जिने सावकाश चढू द्या, पाणी देत राहा. डोकं दुखायला लागलं, गरगरलं, धाप थांबेना तर फोटो राहू देत, लगेच ट्रुबझेला उतरा, बाराशे मीटर खाली आलं की बहुतेकांना बरं वाटतं. नुकतं हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा बसल्या जागीही धाप लागत असेल तर वर नेऊच नका. काकूंना ट्रुबझेच्या तळ्याकाठी उन्हात बसायलाही आवडेल, तिथूनही डोंगर पूर्ण दिसतो.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, गुलमर्गला दोन कोर्स केलेत, तिथल्या अफरवट डोंगरावरून पावडरमध्ये (ताज्या भुसभुशीत बर्फात) उतरलोय. फेब्रुवारीत मित्रांबरोबर एंगेलबर्गला येतोय, आम्हाला लाउब हा पिस्टबाहेरचा उतार करायचाच आहे, व्हिडिओत बघितलंय. ॲव्हलांश, म्हणजे हिमकडा कोसळण्याच्या धोक्याची लेव्हल ३ पर्यंत चालेल ना? पाचातली तीन म्हणजे मध्यमच झाली. – बंगळुरू (मूळ सातारा)

तुझा प्रश्न वाचून मी बाकीची सगळी पत्रं बाजूला ठेवली. तीन म्हणजे मध्यम नाही. ही युरोपची धोक्याची पट्टी आहे, १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ मोठा, ५ फार मोठा. आणि हे आकडे समान पायऱ्यांनी चढत नाहीत, एकेका पायरीला धोका कितीतरी पटीने वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमकड्यांत जे लोक दगावतात, दरवर्षी सरासरी वीस-बावीस, त्यातले सुमारे निम्मे लेव्हल ३ च्या दिवशीच दगावतात. कारण ४ आणि ५ ला बहुतेक जण घरी थांबतात, आणि ३ ला आकाश निळं, बर्फ ताजा, कालच्या वादळानंतरची पहिली सकाळ, सगळे व्हिडिओ त्याच दिवसाचे असतात. आणि अजून एक, ज्यांच्यावर हिमकडा कोसळतो त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सुटवलेला असतो. आपोआप वरून येऊन पडला असं फार क्वचित.

हे का होतं ते नीट समजून घे. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, खालची जमीन शून्याच्या आसपास आणि वरची हवा खूप थंड, या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे सुटे होतात, एकमेकांना धरतच नाहीत. मग त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून एकसंध लादी करतो. वरून बघितलं तर सुंदर गुळगुळीत. तू त्यावर गेलास की तुझ्या वजनाने खालचा सुटा थर कोसळतो, तडा क्षणात पसरतो आणि अख्खी लादी तुला घेऊन निघते. ३० अंशांपेक्षा जास्त उतार असला की हे होऊ शकतं, आणि लाउब पूर्ण उंचीभर त्यापेक्षा तीव्रच आहे, हजार मीटरच्या वरचा सलग उतार. तो पिस्ट नाही, तिथे कोणी बर्फ दाबत नाही, संध्याकाळी कोणी शेवटची फेरी मारून बघत नाही की कोणी राहिलंय का.

गुलमर्गचा अनुभव मोलाचाच आहे, तो कमी लेखत नाही, पण पावडरमध्ये वळता येणं आणि उतार वाचता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गुलमर्गलाही फेब्रुवारी २०२४ मध्ये पिस्टबाहेर गेलेला एक परदेशी स्कीअर हिमकड्यात दगावला.

मग करायचं काय तर असं कर. दावोसच्या एसएलएफ या संस्थेचं हिमकडा बुलेटिन हिवाळ्यात रोज संध्याकाळी ५ वाजता येतं आणि सकाळी ८ ला पुन्हा ताजं होतं, इंग्रजीतही असतं, फोनवर व्हाइट रिस्क नावाचं ॲप आहे. त्यातला नुसता आकडा बघू नकोस. खाली एक छोटं वर्तुळ असतं, त्यात कुठल्या दिशेचे उतार आणि किती उंचीच्या वर धोका आहे ते काळं केलेलं असतं. लाउबची दिशा आणि उंची त्यात बसते का बघ. मजकूर वाच, वाऱ्याने साचलेला बर्फ आहे की आत जुना कमकुवत थर आहे, कारण वाऱ्याचा बर्फ दोन-तीन दिवसांत बसतो पण जुना थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवंच, आणि वापरायचा सराव हवा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात, अर्ध्या तासाकडे जाईपर्यंत ते साधारण तीनातल्या एकावर येतं. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, म्हणजे वाचवणारा तुझा मित्रच, त्याला यायला हवं. आणि तिथला गाइड घ्या. मित्रांत वाटून घेतला तर फार जड नाही पडत. गाइड म्हणाला आज लाउब नाही, तर त्या दिवशी लाउब नाही, भांडायचं नाही. स्टाइनबर्गच्या उताराला तर गाइडशिवाय बघूही नका, तिथे हिमनदीच्या भेगा बर्फाने झाकलेल्या असतात.

गाइड नको असेल तर टिटलिसवरून गावापर्यंतची उतरण कर, सगळी पिस्ट उघडी असेल तेव्हा १२ किलोमीटर आणि २००० मीटरचा उतार, पाय थरथरतील. स्विस पिस्टचे रंग निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. पिवळ्या खुणांची वाट म्हणजे हिमकड्यांपासून सुरक्षित केलेली पण न दाबलेली, पावडरची हौस आधी तिथे भागव. आणि मला लिही, कुठल्या दिवशी काय ठरवलं ते. खरंच लिही.

प्रश्न : थंडीचे कपडे भारतातून घ्यावेत की तिथे? मुलांना जीन्सवर दोन स्वेटर पुरतील का? – कोल्हापूर

जीन्स नको. कॉटन ओलं झालं की वाळत नाही आणि ओलं कापड अंगाची ऊब खेचून घेतं, मुलं बर्फात बसणार-लोळणारच. सगळ्यात आत थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकर, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट-पँट. थर्मल आणि फ्लीस इकडे स्वस्त मिळतात ते घ्या, बाहेरची स्की पँट, जॅकेट, बूट, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं, दोन दिवसांसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. हातमोजे मात्र वॉटरप्रूफच आणि मुलांसाठी एक जास्तीची जोडी, कारण पहिली जोडी अर्ध्या तासात भिजते. पायात एकच लोकरीचा मोजा, दोन घातले की बूट घट्ट होतो आणि पाय उलट गार पडतात.

आणि गॉगल. हे लोक विसरतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि उंचीवर ते आधीच जास्त असतात. ढगाळ दिवशीही गॉगल काढायचा नाही, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन उघडता येत नाहीत. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालून येतं.

प्रश्न : आमच्या ओळखीचे लोक गेले तेव्हा लख्ख ऊन होतं तरी वरचा रोपवे बंद. असं कसं? आमच्याबरोबर असं झालं तर? – डोंबिवली

फॉन. दक्षिणेकडून येणारा वारा. आल्प्सच्या दोन बाजूंना हवेच्या दाबात फरक पडला की हवा दक्षिणेकडून डोंगर चढते, तिकडे पाऊस-बर्फ सांडते आणि इकडे कोरडी होऊन उतरते. उतरताना गरम होते, म्हणून गावात ऊबदार, आकाश स्वच्छ, डोंगर हाताला लागतील असे जवळ दिसतात, आणि वर वारा इतका की फिरता रोपवे चालवणं धोक्याचं. १९९२ मध्ये सुरू झालेला हा रोटएअर, जगातला पहिला फिरणारा रोपवे, श्टांड स्टेशनपासून शिखरापर्यंत शेवटचा टप्पा पार करतो आणि तो सगळ्यात उघड्यावर आहे. अशा दिवशी खालची गोंडोला (छोट्या बंद डब्यांचा रोपवे) ट्रुबझेपर्यंत बऱ्याचदा चालू राहते.

याच्या उलटंही होतं आणि ते ऐकून ठेवा. हिवाळ्यात थंड हवा खाली दरीत बसते, ल्युझर्नपासून सगळं धुक्यात, हॉटेलच्या खिडकीतून समोरचं झाड दिसत नाही, आणि लोक म्हणतात आज कशाला जायचं. त्याच वेळी दोन हजार मीटरवर झळझळीत ऊन आणि खाली ढगांचा समुद्र. म्हणून खिडकी नाही, वेबकॅम बघायचा. तिकीट काढायच्या आधी, त्याच सकाळी. वरचा कॅमेरा, ट्रुबझेचा कॅमेरा, दोन्ही.

आणि शक्य असेल तर कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा. एंगेलबर्गला दोन रात्री असतील तर दोन सकाळी हातात असतात, त्यातली चांगली डोंगराला द्यायची. ल्युझर्नला राहत असाल तरी हे जमतं, थेट रेल्वे आहे, दर तासाला, पाऊण तासाच्या आत पोचवते. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रेल्वे त्यात येते आणि टिटलिसच्या रोपवेला ५० टक्के सवलत. सवलत आपोआप मिळत नाही, खिडकीवर पास दाखवावा लागतो.

प्रश्न : मी म्युनिकला नोकरी करते. आईबाबा (साठीच्या पुढचे) मार्चमध्ये येणार आहेत, त्यांना बर्फाचं गाव दाखवायचंय पण स्की नाही करायचं. दोन दिवस पुरतील का, कंटाळतील का? – म्युनिक

नाही कंटाळणार, उलट दोन दिवस कमी वाटतील. पहिल्या दिवशी आल्या आल्या वर नेऊ नकोस, गाव फिरव. इथला बेनेडिक्टाइन मठ ११२० मध्ये स्थापन झालाय आणि अजून चालू आहे, त्याच्या आवारातच चीज बनवताना बघायला मिळतं, बाबांना बघत बसायला आवडेल. दुपारी समोरच्या बाजूला ब्रुन्नीला जा, तो उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे त्यामुळे दिवसभर ऊन, बाकावर बसून समोर टिटलिस दिसतो. पण याच उन्हामुळे मार्चमध्ये तिथला बर्फ लवकर मऊ होतो आणि लवकर जातो, त्यामुळे बर्फात चालायचं असेल तर सकाळी. दुसऱ्या दिवशी हवा बघून टिटलिस.

स्लेज (बर्फावरची घसरगाडी) करायला साठी आड येत नाही, गेर्शनीआल्पवरून गावापर्यंत साडेतीन किलोमीटरची वेगळी स्लेजची वाट आहे, वर जायला १९१३ सालापासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची छोटी रेल्वे. स्लेज भाड्याने मिळते. पायात पकड असलेले बूट हवेत कारण ब्रेक म्हणजे पायच, आणि वाट दुपारनंतर गोठून कडक झाली असेल तर आईबाबांना नको.

एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेव आणि बाकी वाचकांनीही लक्षात घ्या : स्कीच्या पिस्टवर चालायचं नाही आणि फोटोसाठी मधे उभं राहायचं नाही. वरून येणारा माणूस ताशी पन्नास किलोमीटरने येत असतो आणि उंचवट्याच्या पलीकडे तुम्ही त्याला दिसतच नाही. आपल्याकडचे लोक मुलांना पिस्टच्या मधोमध बसवून बर्फ उडवत फोटो काढताना बघितलंय, पोटात गोळा येतो. चालायच्या वाटा वेगळ्या असतात, त्यांना गुलाबी खांब किंवा पाट्या असतात, तिथे मनसोक्त काढा.

प्रश्न : व्हिसासाठी काढलेला इन्शुरन्स स्कीला चालतो का? – छत्रपती संभाजीनगर

बहुतेक वेळा नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पण साध्या पॉलिसीत विंटर स्पोर्ट्स वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदात स्की, स्नोबोर्ड, स्लेज हे शब्द शोधा आणि हेलिकॉप्टरने सुटका हेही. तिथे पाय मोडून हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल काही हजार फ्रँकचं होतं. पिस्टबाहेर जाणार असाल तर ते वेगळं विचारा, बऱ्याच पॉलिसी तिथे हात वर करतात. नंबर फोनमध्ये ठेवा : रेगा म्हणजे विमानाने सुटका करणारी संस्था १४१४, ॲम्ब्युलन्स १४४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

प्रश्न : तिथे मशीनने बर्फ बनवतात तो खरा असतो का? मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी. – सांगली

पाणीच असतं, म्हणून खराच म्हणायचा, पण बनतो वेगळ्या पद्धतीने. ढगात वाफेपासून सहा टोकांचा स्फटिक हळूहळू वाढतो. मशीन पाण्याचे बारीक थेंब थंड हवेत उडवतं आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात, म्हणून गोल कण होतात, जड आणि घट्ट. ताजा कोरडा बर्फ एका घनमीटरला शंभर किलोच्या आत असतो, मशीनचा त्याच्या कितीतरी पट. म्हणून तो उशिरा वितळतो आणि पिस्टचा पाया म्हणून चांगला. गंमत म्हणजे नुसतं शून्याखाली तापमान पुरत नाही, हवा कोरडीही लागते. हवा कोरडी असेल तर थेंबाचं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं थंड होतं. मुलीला सांगा माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने, तिच्या प्रोजेक्टमध्ये माठाचं चित्र काढलं तरी चालेल. दमट हवेत उणे दोनलाही मशीन नीट चालत नाही.

प्रश्न : आम्ही जैन आहोत, वर जेवणाचं काय? – जळगाव

टिटलिसवर भारतीय जेवण मिळतं, शाकाहारीही. पण कांदा-लसूण नसलेलं लागत असेल तर टूरवाल्यांकडून आधी लेखी कळवून ठेवा, तिथे ऐन वेळी सांगून होत नाही कारण दुपारी एकाच वेळी खूप ग्रुप येतात. खाकरे, थेपले, सुका मेवा बॅगेत असू द्या, थर्मासमध्ये गरम पाणी. चॉकलेट तिथलंच घ्या. आणि जेवायची वेळ साडेअकराची ठेवा, त्या वेळी टेबलं रिकामी असतात आणि खिडकीजवळची जागा मिळते.